भाचीची एम.एस्सी. : डाएट की रिसोर्स मॅनेजमेंट? पुणे की धारवाड?

निपाणीची_मावशी (रविवार, दुपारी ३:१०)

नमस्कार मंडळी. इथं वाचते रोज, लिहिते कमी. आज अडलेय म्हणून धागा काढला.

भाची खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, आणि आता धारवाडच्या कृषी विद्यापीठातनं चार वर्षांची बी.एस्सी. कम्युनिटी सायन्स झाली. आमच्या वेळी ह्यालाच होम सायन्स म्हणायचे. चार वर्षं प्रत्येक लग्नकार्यात तिला एकच प्रश्न, "म्हणजे स्वयंपाकाची डिग्री काय?" पोरगी हसून सोडते. राग मला येतो. पण नीट उत्तर मलाही देता येत नाही, हे खरं.

आता एम.एस्सी.चा प्रश्न. दाजी म्हणतात पुण्या-मुंबईला जाऊन डाएटचं कर, हॉस्पिटलात लागशील, लग्नानंतर घरातल्या घरात प्रॅक्टिस टाकशील. पोरगी म्हणते धारवाडातच 'रिसोर्स मॅनेजमेंट अँड कन्झ्युमर सायन्स' करणार. ते काय असतं विचारलं तर म्हणाली, "मावशी, तुझ्या कंबरदुखीचं शास्त्र." चेष्टा करते की खरं बोलते कळेना. दाजींचं म्हणणं, असलं नाव वाचून नोकरी कोण देणार?

दोन्हीकडनं फोन मलाच. कुणी केलं असेल ह्यातलं तर सांगा.

शहापूर_पेठ (रविवार, ३:४५)

वाचतोय. माझी मुलगी पीयूसीला आहे, तिच्यासाठी उपयोगी. वाचनखूण साठवली.

धारवाड_रिटर्न (रविवार, रात्री ९:४०)

मावशी, मी त्याच कॉलेजची, तुमच्या भाचीच्या बऱ्याच आधीची. तेव्हा पाटीवर 'रूरल होम सायन्स' होतं. नाव बदललं, पण विभाग पाचच: आहार-पोषण, वस्त्र व परिधान, मानवी विकास आणि कुटुंब अभ्यास, विस्तार व संवाद (शोधलेलं गावोगाव पोचवणं), आणि हे पाचवं, रिसोर्स मॅनेजमेंट. पदवीला पाचही थोडंथोडं शिकवतात, एम.एस्सी.ला एकच धरायचं. म्हणून 'पुणे की धारवाड' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, पाचातलं कुठलं.

पाचव्याबद्दल बोलते, कारण त्याचंच नाव ऐकून लोक गोंधळतात. घरात आणि शेतात माणसाकडं असतं काय? वेळ, ताकद, पैसा, जागा, पाणी, सरपण. ते कुठं वाया जातं हे मोजायचं, आणि काम कसं सोपं होईल ते शोधायचं. मोजायचं म्हणजे खरोखर मोजायचं. बाई भांगलायला बसली की तिच्या नाडीचे ठोके किती वाढतात, पाठ किती वाकते, खुरप्याची मूठ हाताला बसते का. ह्याला अर्गोनॉमिक्स म्हणतात. ओट्याचंच घ्या. उभ्यानं काम करताना ओटा कोपरापेक्षा साधारण १० ते १५ सेंटीमीटर खाली असावा. आपल्याकडं गवंडी एकाच मापाचा ओटा घालतो, मग सासू पाच फूट दोन इंच असो नाहीतर चार फूट दहा. चार फूट दहावाली आयुष्यभर खांदे वर ओढून पोळ्या लाटते आणि शेवटी वाताच्या गोळ्या खाते.

तेव्हा कंबरदुखीचं शास्त्र ही चेष्टा नाही. पोरगीनं एका वाक्यात बरोबर सांगितलं.

दुसरा भाग कन्झ्युमर सायन्सचा: घरखर्च, कर्ज, विमा, लेबल, वजनमाप, तक्रार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक गोष्ट सीमाभागासाठी फार कामाची आहे. वस्तू कुठं घेतली हे बघायची गरज नाही, तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कोल्हापुरात घेतलेला फ्रिज बिघडला आणि दुकानदारानं हात वर केले, तर निपाणीच्या माणसानं बेळगावात दावा टाकावा. वस्तूला मोजलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्ह्यातच चालतो, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. मी हे गावोगावच्या बचत गटांत सांगते तेव्हा बायका डोळे विस्फारून बघतात.

चिक्कोडी_टू_पुणे (रविवार, रात्री १०:५५)

मी दुसऱ्या बाजूची. पुण्यात डायटिशियन आहे, माहेर चिक्कोडी. दाजींचं म्हणणं सगळंच चूक नाही. डाएटला काम आहे. साखर, बीपी, थायरॉइड घरोघर. पण 'हॉस्पिटलात लागशील' हे जितकं पटकन म्हणतात तितकं पटकन होत नाही. सुरुवातीचा पगार ऐकलात तर दाजी पुण्याच्या खोलीभाड्याचा हिशेब मांडून गप्प बसतील. मी पहिली दोन वर्षं कॉट बेसिसवर (खोलीतली नुसती एक खाट भाड्यानं) काढली, आणि पेशंटच्या ताटापेक्षा किचनच्या ठेकेदाराशी भांडण्यात जास्त वेळ गेला.

करायचंच असेल तर क्लिनिकल न्यूट्रिशनची एम.एस्सी. जिथं नीट मोठ्या हॉस्पिटलात इंटर्नशिप करून घेतात तिथंच करावी. इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'आरडी'ची (रजिस्टर्ड डायटिशियन) परीक्षा पुढं द्यायची तर इंटर्नशिप लागतेच. एसएनडीटी हे जुनं आणि भरवशाचं नाव, महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं. होम सायन्स मुंबईत जुहूलाही आहे, पुण्यात कर्वे रस्त्यावरही. फक्त मुलींसाठी, त्यामुळं घरच्यांना बरं वाटतं (हा मुद्दा मला आवडत नाही, पण आपल्याकडं चालतो).

आणि एक महत्त्वाचं. घरी बसून पोस्टानं डाएटची एम.एस्सी. करू असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. २०२१ च्या अलाईड हेल्थकेअर कायद्यात पोषण-आहार हा विषय आला. त्यानंतर यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून असे आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायला मनाई केलीय. तरी अजून जाहिराती फिरताहेत.

निपाणीची_मावशी (सोमवार, सकाळी ७:२०)

दोघींचे आभार. धारवाड_रिटर्न, तुमचा ओट्याचा परिच्छेद दाजींना वाचून दाखवला. आमची ताई मध्येच म्हणाली, "मग आमचा ओटा फोडायला सांग की ह्यांना." दाजी गप्प.

चिक्कोडीच्या ताई, कॉट बेसिस म्हणजे मलाही कळलं आणि वाईटही वाटलं. पुणं नको असं नाही हो, पण पोरगीला भात-आमटीचं कॅलरीत रूपांतर करायची हौस नाही, तेवढं मला दिसतं.

गणेशपूर_गल्ली (सोमवार, सकाळी ९:०५)

नावं बदलून काय होतंय? होम सायन्सचं कम्युनिटी सायन्स केलं म्हणून काय चुलीतला धूर कमी झाला? मुलींना चांगलं इंजिनिअरिंगला घाला.

धारवाड_रिटर्न (सोमवार, सकाळी ९:५०)

धूर कमी कसा करायचा हाच तर ह्या विभागाचा जुना विषय, काका. बिनधुराच्या चुली खेडोपाडी नेणाऱ्यांत होम सायन्सवाल्या बायका होत्या.

नावाचं म्हणाल तर ही भानगड सगळीकडंच आहे. अमेरिकेत १९०९ मध्ये ह्या विषयाची संघटना 'होम इकॉनॉमिक्स'च्या नावानं निघाली आणि १९९४ मध्ये तिनं 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस' हे नाव घेतलं. बडोद्याला हंसाबेन मेहता कुलगुरू असताना उभं राहिलेलं होम सायन्स आता फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस म्हणून ओळखतात. नाव बदललं की पाच-दहा वर्षं जाहिरातीत आणि डिग्रीत मेळ बसत नाही, हा त्रास मात्र खरा. एका ठिकाणी माझा अर्ज बाद होता होता राहिला, कारण जाहिरातीत 'होम सायन्स' आणि माझ्या मार्कशीटवर दुसरंच. तेव्हा भाचीला सांगा, कॉलेजकडून 'ही पदवी म्हणजेच होम सायन्स' असं समकक्षतेचं पत्र आत्ताच काढून ठेव. सुट्टीत क्लार्क मोकळे असतात.

सुळगा_रोड (सोमवार, दुपारी १२:३०)

मुलग्यांना चालतं का हे? माझा पुतण्या कपड्यांच्या डिझाइनमागं लागलाय.

धारवाड_रिटर्न (सोमवार, दुपारी १२:४५)

कृषी विद्यापीठांत चालतं की. एसएनडीटीत नाही.

शहापूर_पेठ (सोमवार, दुपारी १:१५)

कपड्यांचा विषय निघाला म्हणून अवांतर. आमच्या शहापूर-वडगाव-खासबागेत घराघरात माग. वडील यंत्रमागावर, मी दुकानात. इथली साडी कुठल्या पेठेत कुठल्या नावानं विकली जाते हे आम्हालाच कळत नाही. वस्त्रशास्त्र शिकलेली पोरं मुंबईच्या फॅशनकडं पळतात, वडगावच्या मागावर रंग का उतरतो हे बघायला कुणी येत नाही. भाचीला नसेल तर माझ्या पोरीला सुचवीन म्हणतो.

केव्हीके_निवृत्त (सोमवार, सायंकाळी ६:२५)

मी २६ वर्षं कृषी विज्ञान केंद्रात (केव्हीके) काढली, गृहविज्ञानाची विषयतज्ज्ञ म्हणून. 'नोकरी कोण देणार' ह्याला उत्तर देते.

बेळगाव जिल्ह्यात दोन केव्हीके आहेत, बैलहोंगलकडं मत्तिकोप्पला आणि गोकाकजवळ तुक्कानट्टीला. केव्हीकेत एक प्रमुख आणि सहा विषयतज्ज्ञ अशी रचना असते, आणि बऱ्याच ठिकाणी त्या सहातली एक खुर्ची गृहविज्ञानाची. पात्रता, त्या विषयातली एम.एस्सी. खुर्च्या थोड्या, जाहिरात वर्षानुवर्षं निघत नाही, हेही खरं. दुसरीकडं महिला-बालविकास खातं, अंगणवाडी पर्यवेक्षिका, सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी). १९७५ साली आयसीडीएस (अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना) सुरू झालं तेव्हापासून आमच्या कितीतरी मुली तिकडं गेल्या. प्रत्येक जाहिरातीतली पात्रतेची ओळ मात्र बोट ठेवून वाचायची, दरवेळी थोडी वेगळी असते.

इथं मराठी पोरींची अडचण कुठं होते सांगू? विषयात नाही, कन्नडात. राज्याच्या भरतीत कन्नडचा पेपर पास व्हावाच लागतो. आमच्या पोरी कन्नड बोलतात झकास, बाजारात भांडतात झकास, पण लिहायला बसवलं की ओत्तक्षरात (कन्नड जोडाक्षरांत) अडकतात. भाची चार वर्षं धारवाडात राहिलीय, तिचं कन्नड कानात बसलंय. त्यावर आता लिहिण्याची सवय चढवायला दोन वर्षं आणखी मिळत असतील तर ते फार मोलाचं. पुण्याला गेली की ते सुटणार. इंटरव्ह्यूला माझ्यासमोर बसलेल्या किती मुली हुशार असून ह्या एका गोष्टीनं मागं पडल्या, मी मोजणं सोडलं होतं.

मी स्वतः एम.एस्सी.ला विस्तार घेतला होता. आज निवडायचं असतं तर रिसोर्स मॅनेजमेंट घेतलं असतं. कारण विस्तारवाली दुसऱ्यानं शोधलेलं गावात नेते, आणि गावातल्या बायका पहिल्याच बैठकीत विचारतात, "बाई, हे तुम्ही स्वतः करून बघितलंय का?"

नेट_दोनदा (सोमवार, रात्री ८:१०)

प्राध्यापकी डोक्यात असेल तर सीमाभागातल्यांनी एक गोष्ट गाठ मारून ठेवावी, मला ती फार उशिरा कळली. सेट ही राज्याची परीक्षा. केसेट, म्हणजे कर्नाटकाची सेट, पास झालात तर ती कर्नाटकात चालते, महाराष्ट्राची सेट महाराष्ट्रात. मी महाराष्ट्राची सेट पास झाले, पेढे वाटले, आणि घरापासून वीस मिनिटांवरच्या कॉलेजात तिचा उपयोग शून्य. नेट देशपातळीवरची, ती मात्र दोन्हीकडं चालते. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसानं नेटच द्यावी, कारण पुढची नोकरी आणि सासर कुठल्या बाजूला लागेल कुणी सांगावं?

यूजीसी नेटला होम सायन्सचा विषय क्रमांक १२. पहिला पेपर ५० प्रश्न, दुसरा १००, मिळून तीन तास. दुसऱ्यात पाचही शाखांचं विचारतात, तुमची एम.एस्सी. एकाच शाखेची असली तरी. त्यामुळं भाचीनं बी.एस्सी.च्या वह्या रद्दीत घालू नयेत. एम.एस्सी.ला खुल्या गटाला ५५ टक्के लागतात, ओबीसी-एससी-एसटीला ५०. कृषी विद्यापीठात शिकवायचं तर एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची) नेट वेगळी, तीही बघून ठेवावी.

खानापूर_अळणावर_पॅसेंजर (सोमवार, रात्री ८:४०)

पैशाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. धारवाड ते खानापूर ती पोरगी सरकारी बसनं आधार कार्ड दाखवून फुकट येते-जाते, कर्नाटकातल्या बायकांसाठीची ही शक्ती योजना जून २०२३ पासून आहे. पुण्याहून दर सणाला येणं म्हणजे काय ते मला माहीत, माझा भाऊ तिकडं असतो.

दुसरं, महाराष्ट्रात शिकायचंच ठरलं तर सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिथल्या सीईटीच्या प्रवेशांत वेगळी सोय असते. दोन दाखले लागतात, एक गाव वादग्रस्त भागातलं असल्याचा, एक मातृभाषा मराठी असल्याचा. दहावी किंवा बारावीही ह्याच भागातल्या शाळा-कॉलेजातली लागते. मात्र प्रत्येक एम.एस्सी.ला ती सोय लागू आहेच असं धरू नका, त्या विद्यापीठाला लेखी विचारा. तोंडी 'हो हो' म्हणणारे आम्ही लई बघितलेत.

खानापूरची_लेक (सोमवार, रात्री ११:३०)

मीच ती भाची. मावशीनं लिंक पाठवली, सगळं वाचलं. सगळ्यांचे मनापासून आभार, केव्हीकेच्या काकूंचे जास्त. ओत्तक्षराचं अगदी खरं, माझं 'क्ष' अजून दरवेळी वेगळं येतं.

माझ्या डोक्यात काय आहे ते सांगते, म्हणजे मावशीची मध्यस्थी सुटेल.

मी विद्यापीठ आधी निवडलं नाही. विभागाच्या लायब्ररीत बसून मागच्या दहा वर्षांच्या एम.एस्सी. प्रबंधांची नुसती शीर्षकं वाचली. कुठल्या मॅडम कशावर काम करून घेतात ते तिथंच कळतं. एका विभागात दहातले सहा प्रबंध एकाच साच्याचे, अमुक पिठाची बिस्किटं, तमुक पिठाची बिस्किटं. वाईट नाही ते, पण मला बिस्किटं करायची नाहीत. रिसोर्स मॅनेजमेंटमध्ये ऊस, भाजीपाला, दूध, असं एकेका कामातल्या बायकांच्या श्रमाचं मोजमाप होतं. ती यंत्रं विभागात आहेत आणि चालतात. (काही ठिकाणी यंत्रं असतात, पण कपाटाची किल्ली एकाकडंच असते, हेही मी विचारून घेतलं.)

मावशी, मला बिडीवर काम करायचंय. निपाणीतल्या. तू आणि आजी ज्या अंगणात बसायचात त्याच गल्लीत. मांडीवर सूप, मान खाली, फर्म्यानं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची, दिवसाला हजार. सूप मांडीवरनं उचलून तिरक्या पाटावर ठेवलं आणि पाठीला टेकू दिला तर मानेवरचा ताण किती कमी होतो, आणि महत्त्वाचं म्हणजे हजारी कमी भरते का. कारण हजारी कमी भरली तर पाट कितीही चांगला असो, कुणी वापरणार नाही.

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, बिडी बंद पडत चाललीय, त्यावर काय शिकायचं. मला उत्तर सुचलं नाही.

चिक्कोडी_टू_पुणे (मंगळवार, सकाळी ६:५०)

माझा पुण्याचा सल्ला मागे घेतला. एकच विनंती, प्रबंधात बायकांचं हिमोग्लोबिनही तपासून घे. आहारवाल्या मॅडमना सहमार्गदर्शक घेता येतं का बघ.

गणेशपूर_गल्ली (मंगळवार, सकाळी ८:३०)

बिडी बंद पडो न पडो, खाली बसून करायचं काम काही बंद पडत नाही. अगरबत्ती आहे, पापड आहे, भाजी निवडणं आहे. तुझा पाट त्यांनाही लागेल. (कालचा प्रतिसाद जरा तिखट झाला माझा.)

निपाणीची_मावशी (मंगळवार, दुपारी २:१५)

काकांचं हे वाक्य जसंच्या तसं दाजींना पाठवलं. "बघू" म्हणालेत. आमच्याकडं 'बघू' म्हणजे निम्मं हो.

बाळ, आईची मान शेवटी शेवटी वर होत नव्हती. आम्ही म्हातारपण म्हणायचो. वय तेव्हा बावन्न होतं तिचं, काल रात्री हिशेब केला. तुझ्या त्या यंत्रात असलं काही दिसतं हे ठाऊक असतं तर पाट मीच केला असता, आमच्या गल्लीत सुतार काय कमी होते?

गल्लीत विचारलंय. सात जणी बसतात अजून. पाच तयार आहेत, एक म्हणते फोटो काढायचा नाही, एक म्हणते त्या दिवसाची हजारी कोण देणार. हे शेवटचं तुझ्या मॅडमना आधी विचार आणि मगच ये. सकाळी नको येऊ, बिड्या द्यायला जातात. दुपारी जेवण झाल्यावर ये. आणि टेप शिंप्याचा आण, लोखंडी नको, पोरी बिचकतात.